गाडी पास की नापास?

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी मानहाइम नावाचे शहर आहे. तेथील बिअरच्या एका कारखान्यात १८६५ साली बॉयलरचा स्फोट झाला. त्या काळी कारखाने वाफेवर चालत आणि बॉयलर फुटणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पत्रा आतून गंजत जाई, सांध्यांना बारीक चिरा पडत, वाफ बाहेर सोडणारी झडप अडकून बसे. बाहेरून मात्र बॉयलर अगदी धडधाकट दिसे. तो धडधाकट नव्हता हे कळे ते तो फुटल्यावर!

या स्फोटानंतर त्या भागातील बॉयलरचे मालक एकत्र आले आणि १८६६ मध्ये त्यांनी मानहाइममध्ये एक संस्था काढली. ठराविक मुदतीने प्रत्येक सभासदाचा बॉयलर जाणकार माणसाकडून तपासून घ्यायचा, हे तिचे काम. यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक, बिघाड झाल्यावर धावाधाव करण्याऐवजी बिघाड होण्याआधीच तो शोधायचा. दुसरी, तपासणारा माणूस बॉयलरच्या मालकाचा नोकर असता कामा नये.

आता योगायोग पाहा. याच मानहाइममध्ये राहणाऱ्या कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेट्रोलवर चालणाऱ्या आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन त्या मोटारीतून माहेरी, फोर्झहाइमला, निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत उतार लागले आणि ब्रेकचे ठोकळे झिजू लागले. तेव्हा बर्थाबाईंनी एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे बसवून घेतले. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच ब्रेक झिजले आणि त्यांची दुरुस्तीही झाली!

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बॉयलर तपासणाऱ्या जर्मन संस्थांकडेच मोटारी तपासण्याचेही काम आले. १९५१ मध्ये जर्मनीत ही तपासणी सक्तीची झाली. त्या संस्थांचे ‘ट्यूफ’ हे नाव तेथे इतके रुळले आहे की, गाडीच्या तपासणीलाच लोक ट्यूफ म्हणतात.

आज जगातील बहुतेक पुढारलेल्या देशांत मोटारीला अशी परीक्षा द्यावी लागते. पण गंमत अशी की, एकाच कारखान्यात बनलेली एकाच जातीची मोटार टोकिओत एका नियमाने तपासली जाते, लंडनमध्ये दुसऱ्या, आणि अमेरिकेतील काही राज्यांत तर तिच्या ब्रेककडे कोणी बघतही नाही. भौतिकीचे नियम सगळीकडे सारखेच. मग परीक्षेचे नियम निराळे का?

झिजते ते दिसत का नाही?

आधी परीक्षेची गरज का पडते ते पाहू. मोटारीचा ब्रेक एका दिवसात खराब होत नाही. त्याचा लायनर रोज केसाएवढाही झिजत नाही. त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याला फरक जाणवत नाही. त्याचा पाय नकळत थोडा अधिक जोर लावू लागतो आणि ‘ब्रेक ठीक आहेत’ असेच त्याला वाटत राहते. घरातील माणसांना मुलाची उंची वाढलेली कळत नाही. वर्षाने आलेल्या मामाला ती चटकन दिसते. तसेच हे आहे.

काही दोष तर डोळ्यांना दिसतच नाहीत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. मग चालकाने पाय दाबला तरी तो जोर चाकापर्यंत पोचत नाही. सपाट रस्त्यावर महिनोन् महिने चांगली चाललेली गाडी घाटात दगा देते ती अशी.

या दोषाची किंमत किती, ते गणिताने पाहू. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा ५०,००० जूल. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर केला, तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते: २,००,००० जूल. ही सगळी ऊर्जा ब्रेकने घर्षणाद्वारे उष्णतेत बदलली पाहिजे, तेव्हाच गाडी थांबणार.

परीक्षेच्या खोलीत

ब्रेकची परीक्षा कशी घेतात? जमिनीत बसवलेल्या रुळांच्या जोडीवर गाडीची चाके ठेवतात. विजेची मोटर हे रूळ सावकाश फिरवते, त्यांच्याबरोबर चाकही फिरू लागते. मग चालक ब्रेक दाबतो. ब्रेक चाकाला धरून ठेवू पाहतो, रूळ त्याला फिरवू पाहतात. या ओढाताणीत रुळांवर किती जोर आला ते यंत्र मोजते. उजव्या आणि डाव्या चाकाचा जोर वेगवेगळा मोजला जातो, कारण एका बाजूचा ब्रेक घट्ट व दुसऱ्या बाजूचा ढिला असेल तर ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढली जाते.

सर्व चाकांच्या जोराची बेरीज करून ती गाडीच्या वजनाशी ताडून पाहतात. ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींसाठी हे प्रमाण निदान ५० टक्के हवे. २०१० च्या सप्टेंबरपासून वापरात आलेल्या मोटारींसाठी ५८ टक्के. आपल्या १,००० किलोग्रॅमच्या मोटारीचे वजन सुमारे १०,००० न्यूटन. त्याचे ५० टक्के म्हणजे ५,००० न्यूटन. एवढ्या बलाने गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने येणारी ही मोटार ब्रेक दाबल्यापासून ४० मीटर अंतरात थांबेल.

आता समजा, झिजल्यामुळे ब्रेकचा जोर निम्माच उरला आहे. मग थांबायला ८० मीटर लागतील. पण खरा प्रश्न निराळाच आहे. बरोबर ४० मीटरवर एक मूल रस्ता ओलांडत असेल तर? चांगल्या ब्रेकची गाडी त्याच्यापाशी येऊन थांबेल. झिजलेल्या ब्रेकची गाडी तेथे पोचेल तेव्हा तिचा वेग किती असेल? तुम्ही गतीची समीकरणे शिकला असाल तर करून पाहा. उत्तर येते सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी ५१ किलोमीटर! निम्मा ब्रेक म्हणजे निम्मा धोका नव्हे. एका गाडीपुढे मूल वाचते, दुसरीपुढे वाचणे कठीण.

ब्रेकखेरीज दिवे, टायर, स्टिअरिंगचे सांधे, काचा, पट्टे, धूर असे इतरही विषय असतात. टायरच्या खाचा युरोपात मोटारींसाठी निदान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. ओल्या रस्त्यावरचे पाणी या खाचांतूनच बाजूला सारले जाते. खाच नसेल तर टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही. जपानमध्ये आणखी एक चाचणी असते. गाडी एका सरकत्या पट्टीवरून सरळ चालवतात. पुढची चाके जरा वाकडी बसली असतील तर ती पट्टीला बाजूला ढकलतात. एक मीटर अंतरात हे सरकणे ५ मिलिमीटरपेक्षा जास्त झाले की गाडी नापास!

हवामानाप्रमाणे काही विषयांचे महत्त्व कमीजास्त होते. ब्रिटनसारख्या देशांत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाला लागते आणि लोखंड गंजते. म्हणून तेथे परीक्षक गाडीच्या खाली जाऊन सांगाडा कोठे कुजला आहे का ते बारकाईने पाहतो.

परीक्षा केव्हा?

ब्रिटनमध्ये ही परीक्षा १९६० साली सुरू झाली. तिला तेथे ‘एम्.ओ.टी.’ म्हणतात. ही त्या वेळच्या वाहतूक मंत्रालयाच्या नावाची आद्याक्षरे. आरंभी फक्त दहा वर्षे किंवा त्याहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे व स्टिअरिंग पाहत. पण नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या की, ही मर्यादा लवकरच सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणली गेली. तेव्हापासून तीन वर्षांच्या गाडीला दर वर्षी परीक्षा द्यावी लागते. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र खाजगी मोटारीची पहिली परीक्षा चौथ्या वर्षी होते.

जर्मनीत नवी मोटार तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासतात. जपानमध्येही तसेच. जपानी भाषेत या परीक्षेला ‘शाकेन’ म्हणतात. युरोपीय संघाने २०१४ मध्ये सर्व सभासद देशांसाठी किमान नियम ठरवला: पहिली तपासणी चार वर्षांच्या आत, पुढे दर दोन वर्षांनी. याहून कडक नियम करण्याची प्रत्येक देशाला मोकळीक आहे.

सर्वांत कडक वेळापत्रकांपैकी एक न्यूझीलंडचे होते. तेथे १९३७ पासून गाडीला योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, आणि पुष्कळ वर्षे जुन्या गाड्यांसाठी तो दर सहा महिन्यांनी घ्यावा लागे. २०१४ मध्ये हा नियम सैल करून २००० सालापासून नोंदलेल्या गाड्यांसाठी ही मुदत वर्षाची करण्यात आली. जपानमध्ये गाडी जुनी झाली की शाकेन आणि त्याबरोबर भरायचे कर व विमा यांचा खर्च जाचक वाटू लागतो. त्यामुळे पुष्कळ लोक गाडी विकून टाकतात. अशा कितीतरी गाड्या जहाजाने न्यूझीलंडला जातात. दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे अडचण येत नाही. एका देशात मालकाला नकोशी झालेली गाडी दुसऱ्या देशात पुन्हा परीक्षेला बसते!

परीक्षेचा निकाल लावण्याच्या रीतीही मजेच्या आहेत. जर्मनीत पास झालेल्या गाडीच्या मागच्या नंबरपाटीवर एक गोल चकती चिकटवतात. तिच्यावर घड्याळासारखे १ ते १२ आकडे असतात. जो आकडा सर्वांत वर, त्या महिन्यात पुढची परीक्षा. चकतीचा रंग वर्ष सांगतो. २०२५ चा केशरी, २०२६ चा निळा, असे सहा रंग आळीपाळीने येतात. त्यामुळे मुदत संपली आहे की नाही, हे पोलिसाला दुरूनच कळते.

परीक्षक कोण?

समजा, तुमचे पेपर तपासणारे गुरुजीच शिकवणीही घेतात, आणि नापास झालेल्याने त्यांचीच शिकवणी लावायची असते. तुमचा निकालावर विश्वास बसेल का? गाड्यांच्या बाबतीत हाच प्रश्न निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या तऱ्हेने सोडवला आहे.

ब्रिटनमध्ये सरकारमान्य गॅरेज परीक्षाही घेते आणि दुरुस्तीही करते. यात सोय आहे, कारण गॅरेज गावोगाव असते. पण नसलेला दोष दाखवून दुरुस्तीचे पैसे काढण्याचा, किंवा ओळखीच्या गिऱ्हाइकाला सूट देण्याचा मोह होऊ शकतो. म्हणून तेथे सरकारची गॅरेजवर देखरेख असते आणि कोणत्याही गाडीचे जुने निकाल कोणालाही पाहता येतात. फ्रान्सने उलट वाट धरली. तेथील तपासणी केंद्राला दुरुस्ती करण्याची मुभाच नाही. उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी केंद्रांतच परीक्षा होते. स्वीडनमध्ये १९६५ पासून एकाच कंपनीकडे हे सगळे काम होते. २०१० मध्ये इतरांनाही ते करू देण्यात आले. आणि जर्मनीत, मानहाइमच्या बॉयलरमालकांनी घालून दिलेली रीत अजून चालते: तपासणारी संस्था वेगळी, दुरुस्त करणारा वेगळा.

परीक्षेने अपघात कमी होतात का?

याचे उत्तर तुम्हाला अगदी सोपे वाटेल. पण अमेरिकेकडे पाहा. तेथे हा विषय प्रत्येक राज्याच्या हाती आहे. १९७० च्या दशकात तीसच्या आसपास राज्यांत ठराविक मुदतीची तपासणी होती. १९७६ मध्ये केंद्र सरकारचा आग्रह धरण्याचा अधिकार तेथील संसदेने कमी केला आणि एकेक राज्य ती सोडू लागले. न्यू जर्सीने २०१० मध्ये खाजगी मोटारींच्या यांत्रिक भागांची तपासणी बंद केली, टेक्सासने २०२५ च्या आरंभापासून. कॅलिफोर्नियात धुराची परीक्षा कडक आहे, परंतु साध्या खाजगी मोटारीच्या ब्रेकची ठराविक मुदतीने परीक्षा नाही. याउलट न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात दर वर्षी तपासणी होते. तपासणी बंद करणाऱ्यांचे म्हणणे असे की, नव्या गाड्या मजबूत असतात, बहुतेक अपघात चालकाच्या चुकीने होतात, आणि तपासणीचा खर्च मात्र सर्वांना पडतो.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न आकड्यांनी तपासला आहे. नॉर्वेतील ख्रिस्तेन्सेन आणि एल्विक या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गोष्टी आढळल्या. तपासणीमुळे गाड्यांतील दोष खरोखरच पुष्कळ कमी झाले होते. पण तपासणीनंतर अपघातांचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही! हे कसे? एक शक्यता अशी की, आपली गाडी जरा अधू आहे हे माहीत असणारा माणूस ती जपून चालवतो. गाडी ठणठणीत झाली की तो निर्धास्त होतो. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र सहामाही तपासणी होणाऱ्या गाड्यांचे अपघात वार्षिक तपासणीच्या गाड्यांपेक्षा सुमारे ८ टक्के कमी दिसले. परंतु या आकड्यात अनिश्चितता बरीच होती, आणि एवढ्या लाभासाठी होणारा खर्च फार, असेही त्यातून दिसले.

शास्त्रात असे पुष्कळदा होते. ‘ब्रेक चांगला असेल तर गाडी लवकर थांबते’ हे निर्विवाद आहे. आपण ते वर गणिताने पाहिले. पण ‘तपासणीचा कायदा केला तर अपघात कमी होतील’ हे विधान वेगळे आहे. कारण त्यात माणूस आला. परीक्षेपुरता ब्रेक नीट करून घेणारा, आणि दाखला मिळाला की वर्षभर तिकडे न बघणारा माणूस! दाखला सांगतो तो परीक्षेच्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवशीची हमी तो देत नाही.

आपल्याकडे

तुम्ही रिक्षावाल्यांच्या किंवा ट्रकवाल्यांच्या तोंडी ‘गाडी पासिंगला न्यायची आहे’ असे शब्द ऐकले असतील. पासिंग म्हणजे हीच परीक्षा. भाड्याने माणसे किंवा माल नेणाऱ्या वाहनाला आपल्याकडे योग्यतेचा दाखला लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी तो नवा करावा लागतो. हे काम यंत्रांनी करणारी स्वयंचलित तपासणी केंद्रेही आता उभी राहत आहेत.

घरच्या मोटारीचे किंवा स्कूटरचे काय? तिची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ती मुदत संपल्यावर तपासणी करून पाच पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. मधल्या काळात ‘पी.यू.सी.’ दाखला लागतो खरा, पण त्यात फक्त धूर तपासतात. म्हणजे ज्या स्कूटरवर बसून तुम्ही शाळेत जाता, तिच्या ब्रेककडे पंधरा वर्षे कायद्याने कोणी बघितलेच पाहिजे असे नाही. बघायचे ते घरच्यांनीच. आणि घरच्यांना तर झीज दिसत नाही!

तेव्हा तुम्हीच परीक्षक व्हा. सुरुवात आपल्या सायकलपासून करा. महिन्यातून एक दिवस ठरवा आणि वहीत तारखेसह नोंद ठेवा. चाक उचलून फिरवा आणि ब्रेक दाबा. दोन्ही बाजूंचे रबर एकदम टेकतात का? रबर किती जाड उरले आहे ते पट्टीने मोजा. मग मोकळ्या मैदानावर, मोठे माणूस बरोबर असताना, एक रेघ मारा. बेताच्या, दर वेळी सारख्याच वेगाने या आणि रेघेवर ब्रेक दाबा. सायकल किती अंतरावर थांबली? असे पाच वेळा करून सरासरी काढा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. घरच्या स्कूटरचे टायरही पाहा. खाचांच्या तळाशी मधूनमधून लहान उंचवटे असतात. खाच झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर बदलायची वेळ झाली.

तीन-चार महिन्यांनी वहीतील आकडे एकाखाली एक वाचा. जी झीज रोज सायकल चालवताना तुम्हाला जाणवली नव्हती, ती त्या आकड्यांत दिसू लागेल. दीडशे वर्षांपूर्वी मानहाइमच्या बॉयलरमालकांनी केले ते याहून फारसे वेगळे नव्हते. फुटण्याची वाट न पाहता, ठरल्या दिवशी, मोजून पाहायचे.